निरोप तोंडात असताना

बाई गेल्याचं मला त्यांची भाची सुलू हिनं फोनवर कळवलं. सकाळचे सात वाजले असतील, मी चहाचं आधण ठेवत होते. ती म्हणाली, "मावशी, आत्या आज पहाटं गेली." खोटं कशाला सांगू, आधी रडू आलंच नाही. डोक्यात आपलं आपण वाक्य फिरलं... सुलूनं सांगितलं की तिची आत्या त्या दिवशी पहाटे गेली होती. 'आज'चा 'तो दिवस' झाला, 'गेली'ची 'गेली होती' झाली, अवतरण चिन्हं गळून पडली. पस्तीस वर्षं झाली ही खोड लागून, आणि ती बाईंनीच लावलेली. आधणाचं पाणी आटून भांडं करपायला लागलं तरी मी तशीच उभी. आदल्याच दिवशी मी साताऱ्याला दवाखान्यात जाऊन त्यांना बघून आले होते आणि तिथं माझ्या हातून एक चूक झाली होती. ती सांगितल्याशिवाय मला बाईंविषयी काही लिहिता यायचं नाही. पण ती कळायची तर आधी बाई कळायला हव्यात, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

सरोजिनीबाई आमच्या विट्यात एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. गल्लीत आमच्या समोरच त्यांचं दोन खोल्यांचं घर. उंच, काटकुळ्या, ऊन असो नसो, काखेत छत्री. पोरं त्यांना मागनं 'इनडायरेक्टबाई' म्हणायची, कारण डायरेक्टचं इनडायरेक्ट करणं, म्हणजे एकानं बोललेलं वाक्य दुसऱ्यानं सांगायचं कसं, हा धडा त्यांच्या जीवीचा. वर्गातल्या एकाला व्हरांड्यात उभं करायच्या, दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगायच्या आणि ते त्याला जाऊन सांग म्हणायच्या. ते पोरगं जाऊन म्हणायचं, मी तुला उद्या शिक्षा करीन. बाई खिडकीतून विचारायच्या, "तू करणार? कोण करणार? कधी?" असं करत करत पोरांना कळायचं की निरोप सांगणारा माणूस वेगळा आणि बोलणारा वेगळा, आणि दोघांनी एकमेकांच्या जागेवर उभं राहायचं नसतं.

मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून जे काय टिकलं तेवढंच माझं शिक्षण. पुडी सोडली की साखर डब्यात पडायच्या आधी कागद डोळ्यांपुढं. सासूबाई म्हणायच्या, हिला साखर नको, नुसता कागद बांधून द्या. यावरूनच आमचे हे मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, पण ते खोलीत, दार लावल्यावर, तेही हळू. चारचौघांत बायकोला हाक मारायची पद्धतच नव्हती आमच्यात, नावानं नाही आणि टोपणनावानं तर नाहीच. तो शब्द आम्हा दोघांतच राहिला. मी माझ्या आईलाही सांगितला नव्हता. लाज वाटायची, आणि खरं म्हणजे फार आवडायचाही.

आमच्या विट्याकडं घरटी एक तरी माणूस परमुलखात असतो. गलाईचा धंदा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा. आमचे हे मदुराईला, एका पाव्हण्याच्या दुकानात भट्टीवर होते. वर्षातून दोनदा घरी, यात्रेला आणि दिवाळीला. मधल्या दिवसांत एखादं पत्र. मग बाईंच्या घरी फोन आला, गल्लीतला पहिला, आणि सगळ्या गल्लीचे निरोप त्यांच्याकडं यायला लागले. तुम्ही म्हणाल, जाऊन बोलायचं की नवऱ्याशी. कसं बोलणार? फोन बाहेरच्या खोलीत. घंटा वाजली की लहानथोर सगळी जमायची, सासरा सगळ्यांच्या पुढं. त्याच्यादेखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं म्हणजे जीभ उचलायची नाही. तेव्हा सुनांचे निरोप बाईच घ्यायच्या आणि दारात येऊन पोचते करायच्या.

त्याचीही त्यांची एक रीत होती. फोनपाशी एक जाड वही. दोन पानं उघडी. डाव्या पानावर वर नाव, तारीख, वेळ आणि खाली बोलणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, अवतरण चिन्हांत. फोन ठेवला की उजव्या पानावर तेच बदलून लिहायचं. 'मी'चा 'तो', 'इथं'चं 'तिथं'. ते उजवं पान पाठ करायचं आणि निघायचं. "डाव्या पानावर माझा एक शब्द नसतो," असं त्या मला पुढं म्हणाल्या होत्या, "ते पान ज्याचं त्याचं." आमच्या दारात आल्या की उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. कितीही ऊन असलं तरी निरोप सांगून होईपर्यंत पाणी घ्यायच्या नाहीत. तोंडात निरोप असताना पाणी प्यालं तर तो पोटात जातो, मग वर येत नाही, असं त्यांच्या आजीनं सांगितलं होतं म्हणे. इंग्रजी शिकवणारी बाई आणि असलं मानते म्हणून गल्ली हसायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. सांगून झालं की तांब्या उचलायच्या, फुलपात्र भरून सावकाश प्यायच्या, पदरानं टिपायच्या आणि फुलपात्र उंबऱ्यावर पालथं ठेवून जायच्या. पालथं म्हणजे निरोप पोचला. आम्ही उचलायला गेलो की खाली ओल्या कडेचं गोल उमटलेलं असायचं.

आणि त्यांची भाषा! फोनवरचं रांगडं बोलणं बाईंच्या तोंडून धुऊन, वाळवून, घडी घालून यायचं. पलीकडच्या तात्यांनी एकदा मुलाला न विचारता म्हैस विकली. मुलगा फोनवर तोंडाला येईल ते बोलला असणार. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की त्यानं तीव्र खेद व्यक्त केला आहे आणि हा निर्णय कोणाच्या सल्ल्यानं झाला असं विचारलं आहे. तात्या तंबाखू मळत म्हणाले, "आवं बाई, माजंच प्वार हाय ते. शिव्या किती दिल्या तेवडं सांगा, म्हंजी राग किती हाय ते कळंल."

बाई जराही न हसता म्हणाल्या, "त्या डाव्या पानावर आहेत."

आता त्या दुपारचं. चैत्र संपत आला होता. उन्हानं गल्ली पांढरी पडलेली, कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कट्ट्यावर लिंबाखाली बसलेले. मी दाराआड ज्वारी निवडत होते. चारच्या सुमाराला समोर फोन वाजला. खूप वेळ वाजला, मग थांबला. थोड्या वेळानं बाई रस्ता ओलांडून आल्या. अनवाणी. बाईंना अनवाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि रस्ता तर असा तापलेला की पाय ठेवता येऊ नये. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. चेहरा असा, की कुणी पाठीत हात घालून इथवर आणून सोडलंय. त्या म्हणाल्या, त्यांनी सांगितलं आहे की नंदाची शाळा बंद करू नये. तूही मागं राहिलेलं शिक्षण पुरं करावंस. आणि घर सोडून कुठं जाऊ नये. एवढंच. मामंजींनी मान वर करून बघितलं. नंदा माझी एकुलती एक, तेव्हा चौथीत. आता शाळा पुरे, तिला नणंदेकडं कामाला धाडू, असं घरात चाललं होतं, पण मी ते ह्यांना कळवलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी पत्र घातलं असेल. बाईंनी फुलपात्र भरलं. निम्मं पाणी पायावर सांडलं, उरलेलं त्या प्याल्या. पालथं ठेवलं आणि गेल्या.

दिवेलागणीला दुकानवाल्या पाव्हण्यांचा भाऊ जीप घेऊन दारात आला. भट्टी पेटवताना आतल्या खोलीत धूर कोंडला होता आणि त्यात हे गेले होते... सकाळी दहाला.

सकाळी दहाला, आणि निरोप चारचा. त्या घरात नंतर किती माणसं आली, कोण किती रडलं, मला आठवत नाही. एवढं आठवतं की कुजबुज सगळी त्या सहा तासांची होती. तेराव्यानंतर दिरांनी विषय काढला. बाईंनी मनचं रचून सांगितलंय म्हणाले, मेल्या माणसाला फोन लावाय येतोय व्हय? मामंजींनी पान लावलं, खाल्लं, अंगणात जाऊन थुंकून आले. मग म्हणाले, "चारला सांगितलंय न्हवं त्यानं? मग त्ये मोडायचं न्हाई. जित्या माणसाचं बोलणं एक डाव मोडता येतंय."

नंदाची शाळा राहिली. मी घरात राहिले. आणि पुढच्या जूनमध्ये मामंजी स्वतः बाईंच्या दारात जाऊन, आमच्या सुनंला धाव्वीला बशिवता येतंय का बगा, असं विचारून आले. ज्या घरात मी कागदाची पुडी चोरून वाचत होते, त्या घरातून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले, हे सगळं त्या एका निरोपानं झालं.

पण मी तुम्हाला माझ्या मनातलं सांगते. इतर माणसं भ्यायली, मला मात्र वेगळीच शंका होती. फोन आला होता, तो मी माझ्या कानांनी ऐकला होता. तो दुकानातूनच असणार, हे गेल्याचाच असणार. आणि बाईंना ते मला सांगवलं नसेल. जिनं जन्मात निरोपातला काना इकडचा तिकडं केला नाही, तिनं एकदाच, माझ्यासाठी, अख्खा निरोप बदलला असेल. नंदाचं काय चाललंय ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनाही असणार. तसं असेल तर माझं आणि माझ्या लेकीचं सगळं आयुष्य एका चांगल्या खोट्यावर उभं. ह्यांनी जाताना माझी आठवण काढली की नाही, हे मला कधीच कळायचं नाही. आणि तसं नसेल तर... त्या 'नसेल'चा विचार मी दुपारी चारच्या वेळी करत नसे.

बाईंची शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर शिकायला बसायची. इंग्रजी मला धड वाचता येत नव्हतं, तरी बाईंनी तो डायरेक्ट-इनडायरेक्टचा धडा आधी घेतला. म्हणाल्या, हे तुला येतं, तू जन्मभर निरोपच ऐकलेत. नियम सांगायच्या आणि मी पुटपुटायची. 'इज'चा 'वॉज' होतो. 'नाऊ'चा 'देन'. 'टुडे'चा 'दॅट डे'. 'हिअर'चा 'देअर'. कपाळावरचं कुंकू जाऊन वर्ष झालेलं, आणि मी ओसरीवर बसून 'आहे'चं 'होतं' करत होते. एकदा हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, बाई, म्हणजे माणूस दुसऱ्याच्या तोंडी गेला की गेलाच म्हणायचा. त्यांनी पेन्सिल उचलून पुन्हा माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, प्रत्येक वेळी नाही. बोलणारा आणि सांगणारा एकाच जागी उभे असतील तर 'इथं'चं 'तिथं' करत नाहीत. इथं ते इथंच राहतं. "पुस्तकात हा नियम बारीक अक्षरात असतो," म्हणाल्या, "पण असतो."

तेवढ्यात आत फोन वाजला. मी सवयीनं उठायला गेले तर बाईंनी माझं मनगट धरलं. बोटं थंडगार. घेऊ नकोस, म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. घंटा वाजत राहिली. आम्ही दोघी तिथं, मध्ये वही, आणि ती घंटा. एखादं लहान लेकरू रडून रडून दमावं तशी ती शेवटी बंद झाली. मी विचारलं कोण असेल, तर म्हणाल्या, राँग नंबर. उचलल्याशिवाय राँग नंबर कसा कळला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, पुढचं वाक्य घे, आणि मी घेतलं. नंतर माझ्या लक्षात आलं, त्या उन्हाळ्यापासून बाईंनी गल्लीचे निरोप घेणं सोडलं होतं. पुढं चौकात एसटीडीचा बूथ झाला आणि लोकांना त्याचं काही वाटलं नाही.

मी दहावी झाले. अंगणवाडीत लागले, तिथूनच निवृत्त झाले. नंदा शिकली, आज सांगलीला शाळेत शिकवते, तेही इंग्रजी. बाई निवृत्तीनंतर साताऱ्याला सुलूच्या घराशेजारी खोली घेऊन राहिल्या. तो जुना काळा फोन बरोबर नेला. त्याची लाइन कधीच कापली होती, तरी तो स्टुलावर, वर क्रोशाचं झाकण. शेजारी वही. दर दिवाळीला मी फराळ घेऊन जायची, आणि दरवेळी ठरवून जायची की आज विचारायचं, बाई, त्या दिवशी फोनवर कोण होतं? बसायची, चहा घ्यायची, पाणी प्यायची, आणि न विचारता परत यायची. खरं उत्तर कुठलं आलेलं मला सोसेल, तेच मला ठाऊक नव्हतं.

यंदा सुलूचा फोन आला की आत्याला झटका आला, उजवं अंग गेलं. दुपारी ती फोनपाशी खुर्चीतच कलंडलेली सापडली, मांडीवर वही, हातात पेन. आठ दिवस झाले सलाईनवर आहे, आणि पाणी म्हणून घेत नाही. डॉक्टर म्हणतात गिळता येत नसेल. "पण मावशी," सुलू म्हणाली, "गिळता येत न्हाई तर ठसका लागंल की. ही तोंडच घट्ट मिटून घेतीया." मी तेव्हाच समजायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच, की आता नाही विचारलं तर कधीच नाही. औंधावरून जाणारी गाडी मिळाली. यमाईचा डोंगर दिसला तसे हात जोडले, म्हटलं, आई, विचारायचं बळ दे.

बाईंनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. डाव्या हाताची बोटं चादरीवर काहीतरी लिहिल्यासारखी हलायला लागली. ओठ इतके सुकलेले की भेगांतून रक्त दिसत होतं. तोंड उघडलं. फार जोर लावून त्या म्हणाल्या, "त्यांनी..."

आणि मी काय केलं? आमच्याकडं माणूस त्या वाटेवर असला की भेटायला येणारा आपल्या हातानं त्याच्या तोंडात पाणी घालतो. बाई जन्मभर आमच्या उंबऱ्यावर आमचं पाणी प्याल्या, म्हणून मी घरून बाटली भरून नेली होती. ते सुकलेले ओठ बघून मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, बाई, आधी पाणी घ्या. त्यांनी मान फिरवली. मी चमचा पुन्हा नेला, त्यांनी पुन्हा मान फिरवली. मी हनुवटी धरली. अंगणवाडीतल्या पोरांना म्हणायची तसं, हट्ट करू नये, म्हटलं, आणि चमचा ओठांत सारला. त्यांनी गिळलं. ठसका लागला नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं... ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. अनेक मैल डोक्यावरून आणलेली घागर दारात फुटल्यावर बाई जशी नुसती खाली बघते, तसं बघितलं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. बाई सांगा, आता सांगा, म्हणून मी वाकले, कान लावला. त्यांनी डोळे मिटले. ओठ मग हललेच नाहीत. सुलू मागं कौतुकानं म्हणत होती, बगा, तुमच्या हातनं प्याली. दुसऱ्या दिवशी पहाटं बाई गेल्या.

पंधरा दिवसांनी सुलू एक पिशवी घेऊन विट्याला आली. बाईंनी वह्यांच्या गठ्ठ्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती. दोन दिवस मी पिशवी देव्हाऱ्याखाली तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसले आणि ती तारीख काढली. डाव्या पानावर वर ह्यांचं नाव. वेळ, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. खाली अवतरण चिन्हांत, बाईंच्या त्या सुबक अक्षरात, बाईंची नसलेली भाषा.

"मास्तरीणबाईस्नी सांगा, नंदीची शाळा मोडायची न्हाई. आन त्यास्नी बी म्हणावं, मागं ऱ्हायलेलं पुरं करा. घर सोडून कुटं जायाचं न्हाई. लय धूर हाय हितं, पुना बोलाय जमायचं न्हाई."

मी तो पहिला शब्द किती वेळ बघत बसले देव जाणे. पस्तीस वर्षांत तो मला कुणी म्हटलं नव्हतं. उजव्या पानावर तो नव्हता. मामंजी कट्ट्यावर बसलेले असताना बाई असला खोलीतला शब्द तोंडातून काढतील कशा? त्यांनी तो रीत म्हणून गाळला, आणि मी तो नाही म्हणून जन्मभर शंका घेतली. उजव्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहून खोडलेली होती. उजेडाकडं धरली तर वाचता आली. त्यांनी असंही सांगितलं की तिथं खूप धूर होता. ती ओळ तोंडात घेऊन बाई अनवाणी रस्ता ओलांडून आल्या होत्या, जीप यायच्या दोन-तीन तास आधी. तेवढी एकच त्यांनी मला सांगितली नाही. पाण्याबरोबर गिळली.

नंदाला दाखवलं. ती शांत मुलगी आहे, तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, आई, बाबा कधी सुट्टीला आले असताना बाईंशी बोलताना तो शब्द बोलून गेले असतील. वेळ लिहिताना बाई चुकल्या असतील. असेल, म्हटलं. मग मी शेवटची वही तिच्या हातात दिली. तिच्यात एकच पान लिहिलेलं. तारीख बाई खुर्चीत कलंडल्या त्या दिवसाची, वेळ चारची. अक्षर वाकडं, उतरतं, पण ओळख पटणारं. वर पुन्हा ह्यांचं नाव. "मास्तरीणबाईस्नी सांगा, घाई न्हाई. मी हितंच हाय." उजवं पान कोरं. सुलू म्हणत होती, त्या दुपारी ती पलीकडं कपडे वाळत घालत असताना तिनं आत्याचा आवाज ऐकला होता... हं, हं, लिहून घेते, असा. तिला वाटलं, टीव्ही लावलाय. वही मिटून देताना नंदा एवढंच म्हणाली, की आई, थोडे दिवस माझ्याकडं सांगलीला चल. मी नको म्हटलं. घर सोडून कुठं जायचं नाही.

ते कोरं पान मी भरलं. विद्यार्थिनीनं बाईंचं राहिलेलं काम पुरं करू नये तर कुणी करावं? लिहिलं, त्यांनी सांगितलं की घाई नाही. पुढं हात अडला. मग बारीक अक्षरातला तो नियम आठवला, आणि मी लिहिलं, ते इथंच आहेत. शाई वाळेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

राहिलं ते पाणी. बाईंना मी ते आधी पाजलं, नको त्या वेळी. निरोप पोचल्यावरचं, त्यांच्या हक्काचं फुलपात्र राहूनच गेलं. म्हणून महिना होत आला, मी दुपारी चारला, त्या उचलायच्या तो तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवते, शेजारी भरलेलं फुलपात्र, सुलटं, आणि आत येऊन पडते. संध्याकाळी ते पाणी तगरीला घालते. रोज भरलेलंच असतं. गल्ली हसत असेल, हसू दे. बाईंनाही हसायची. परवा मात्र उठून गेले तर फुलपात्र पालथं होतं. घरात मी एकटी, दाराला आतून कडी. चिमण्या येतात, मांजर येतं, गल्लीतलं एखादं पोर येतं, सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण ते पडल्यासारखं लवंडलेलं नव्हतं, बाई ठेवायच्या तसं नीट, तांब्याच्या डाव्या अंगाला ठेवलेलं होतं. जरा उचलून बघितलं. खाली ओल्या कडेचं गोल. पुन्हा तसंच ठेवलं. ते अजून मी सुलटं केलेलं नाही.